ओठांपुरतं पाणी

बेलापूर,
६ मे

प्रिय स्नेहू,

जय ख्रिस्त. तुझी तब्येत बरी असेल, तिथलं जेवण अजून सपकच असेल आणि फोनशिवाय तू अजून वेडी झाली नसशील, असं धरून चालते. इकडे आई बरी आहे, मी बरी आहे, तुझा दाजी सॅम राहुरीला एकटा खिचडी करून खातोय. आणि तू मावशी झालीस. फादरांनी निरोप पोचवला असेलच, तरी मला माझ्या हातानं लिहायचं होतं. मुलगा झाला. श्रीरामपूरच्या दवाखान्यात, सिझर न होता. डोक्यावर केस इतके की आई म्हणाली, "ह्यो तर तुमच्या पप्पावानी भांग पाडूनच आलाय."

नाव शांतवन ठेवायचं, पप्पांचं. तू नाही म्हणणार नाहीस हे धरून आईनं सगळ्या गल्लीला सांगूनही टाकलं. बाप्तिस्मा सव्वा महिना झाल्यावर, म्हणजे जूनमध्ये. तुला येता येणार नाही हे मला कळतं, आईला कळत नाही. रोज विचारते, "तिला एक दिसाची पन सुट्टी न्हाई का गं?" मी म्हणते, आई, तिचं नवदीक्षेचं वर्ष आहे, सिस्टर व्हायच्या आधीचं, साखर कारखाना नाही तो, सीझन संपला की सोडायला.

मला कुठं ठेवलंय माहितीय? मधल्या खोलीत. खिडकीला गोधडी लावलीय. पंखा लावायचा नाही, बाळंतिणीला वारं लागतं. बाहेर डांबर चपलेला चिकटतंय आणि आत आई ओवा टाकलेली शेगडी घेऊन येते, शेकायला. आणि पाणी! अगं, मला माझ्या आईच्या घरात पाणी मागून प्यावं लागतं. कोमट करून अर्धा पेला देते आणि वर ऐकवते, "लई पानी पिऊ नगं, पोट सुटंल." म्हटलं, आता काय सुटायचं राहिलंय? तर म्हणाली, "त्वांड लई चालतंय तुजं, मग दूध कुटून येनार?"

दुधाचंच खरं तुला लिहायचं होतं. येतं, पण पुरतं की नाही ते कसं कळायचं? गाईखाली चरवी धरली की कळतं किती निघालं. इथं तो ओढतो, ओढता ओढता झोपतो, मी पाळण्यात ठेवून पाठ टेकते न टेकते तोच टाहो. मग परत घ्या. माझ्या छातीला चिरा पडल्यात. रडू येतं, पण रडायचंही नाही, दूध आटतं म्हणे.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मध नाही, घुटी नाही, पाण्याचा थेंबही नाही. मी मान डोलावली. आईनंही डोलावली, आणि रिक्षात बसल्या बसल्या म्हणाली, "तिला काय जातंय, ती एशीत बसती. ह्या उनात लेकरू तहानंनं जाईल की." तेव्हापासून आमचं रोज वाजतं. आई तेल घालून टाळू भरते, बोट फिरवते आणि म्हणते, "बघ, खोल गेलीया." मी सांगते, दुधातच पाणी असतं. ती म्हणते, "तुमी दोगी काय दुदावर जगला व्हय?" पण मी अजून ऐकलेलं नाही. मी पण पप्पांचीच मुलगी.

दुपारी मात्र घर शांत असतं. आईनं कांद्याच्या चाळीवर कामाला यायचा शब्द दिलाय, तेव्हा जेवणं झाली की ती कांदे निवडायला जाते ती दिवेलागणीलाच येते. मी आणि तो. तो रडतो, मी छताकडे बघते.

तुझं पुडकं फादरांनी रविवारी मिस्सा झाल्यावर आणून दिलं. पदक दुपट्याला टाचलंय. आणि ती पवित्र पाण्याची बाटली, मरियामाउलीच्या आकाराची, आईनं हातात घेतली आणि घळाघळा रडायला लागली. पप्पांच्या फोटोशेजारी ठेवलीय. संध्याकाळी जपमाळ झाली की आई बोट बुडवून बाळाच्या कपाळावर क्रूस करते, आणि मग तेच ओलं बोट त्याच्या ओठांना लावते. परवा मी बघितलं. त्यानं एवढंसं तोंड करून ते चाटलं आणि गप झाला. आईनं माझ्याकडे बघितलं. तुझं पाणी ते, त्याला काय बोलायचं?

पत्र लवकर लिही. महिन्याला एकच लिहू देतात तर ते तरी लांबलचक लिही.

तुझी ताई,
एस्तेर


बेलापूर,
२७ मे

प्रिय स्नेहू,

जय ख्रिस्त. तुझं पत्र आईनं उशाखाली ठेवलंय, उत्तर लिहायला मला मागून घ्यावं लागलं. तुम्हाला पहाटे बागेला पाणी घालायला लावतात हे वाचून ती जाम खूश झाली. "घरी कदी झारी उचलली न्हाई तिनं," म्हणाली.

तू विचारलंस, बाळ रात्रीचं झोपू देतं का. देतं. रात्री काय, दिवसाही. सुरुवातीचा तो टाहो गेला. आता पाळण्यात ठेवलं की ठेवलं तिथं. गल्लीतल्या बायका म्हणतात, असं गुणी लेकरू बघितलं नाही. रंगुबाई म्हणाली, आजोबाचं नाव घेतलं आणि आजोबाचा स्वभावही घेतला.

तुला सांगायला हरकत नाही, तुझ्या पाण्याचा गुण आहे. आधी बोटानं लावायचो, मग आई चमच्यानं द्यायला लागली, आणि आता ते जुनं बोंडलं निघालंय, चोचीचं, ज्यातनं आपण दोघी प्यायलो. दुपारी आई बोंडल्यानं पाजते, की तो ढिम्म झोपतो. एरवीचं पाणी आम्ही देत नाही हं. त्या बाबतीत मी डॉक्टरीणबाईंचा शब्द मोडलेला नाही, आणि आईनंही नाही. हे वेगळं.

बाटली एवढीशी, ती महिनाभर कशी पुरायची? तर आजी करायची तसंच. निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, वरून साधं पाणी घालायचं. आधीचं पवित्र पाणी जास्त असलं की घातलेलंही पवित्र होतं. आई रोज संध्याकाळी न चुकता भर घालते. उकळून गार केलेलं घाल, एवढं मी तिला सांगितलंय.

रविवारी सॅम आला होता. त्याच्या टेम्पोला आता राहुरीतनंच भाडं मिळतं, फार लांब जावं लागत नाही. आल्या आल्या त्यानं बाळाला घेतलं आणि म्हणाला, "किती गार लागतोय गं." बाहेर अंगाची लाही होतेय आणि आमचं पोर गार, तर आईला कोण आनंद. "तहान भागली की लेकराचं अंग थंड ऱ्हातं," म्हणाली. टाळूही आता वर आलीय, बोटाला टम्म लागते. तोंड कसं गोल दिसतंय! डोळे जरा सुजल्यासारखे वाटतात, पण आई म्हणते ते झोपेनं. सॅमनं मला बाजूला घेऊन विचारलं, "कुणी पाणी-बिणी तर पाजत नाही ना?" मी म्हटलं, नाही. खोटं नाही बोलले ना मी?

मग तू म्हणशील, एवढं सगळं छान चाललंय तर ताईचं अक्षर असं का उतरलंय.

दूध ओढत नाही गं तो. दोन घोट घेतो आणि तोंड फिरवतो. पहिल्यासारखं भरून येत नाही मला, आटलंच असणार. अळिवाची खीर झाली, शेपू झाला, खसखस झाली. येईल ती बाई माझ्या छातीकडे बघत बोलते, जणू मी विकायला काढलेली म्हैस आहे. सॅमनं पावडरचा डबा आणला. मी तो कपाटावर ठेवून दिला, उघडलासुद्धा नाही. माझं पोर डब्यावर वाढवायचं म्हणजे मी कशाला आहे? सॅम म्हणाला, "तुझा हट्ट आहे हा." असेल. जाताना त्यानं माझ्याशी बोलणंही टाळलं.

वजन करायला न्यायचं होतं, पण या उन्हात बाहेर कुठं काढायचं म्हणून राहिलं. बाप्तिस्म्याच्या आधी नेऊ.

कधी कधी मी त्याला टिचकी मारून उठवते, उगाच. डोळे उघडतो, माझ्याकडे बघत नाही, परत मिटतो. आईला सांगितलं तर म्हणाली, "निजलेलं लेकरू उटवू ने." तू प्रार्थनेत त्याचं नाव घे. माझं नाही घेतलंस तरी चालेल.

तुझी ताई,
एस्तेर


नगर,
९ जून

स्नेहू,

बाळ आहे. आधी एवढं वाचून घे, मग बाकीचं.

इथल्या एका मोठ्या दवाखान्यात आहोत. मी बाकावर बसून लिहितेय. सॅम औषधं आणायला गेलाय. बाळ आत आहे, काचेच्या पेटीत, नाकात नळी. दिवसातून दोनदा हात धुऊन आत जाऊ देतात. मी पेटीच्या भोकातनं हात घालते आणि त्याच्या पायाला लावते, दुसरीकडे कुठं जागाच नाही, सगळीकडे चिकटपट्ट्या.

गेल्या मंगळवारी सकाळी त्याचा डावा हात आपोआप उडायला लागला. आधी मला वाटलं, खेळतोय. मी हसले. खरंच सांगते, मी हसले आणि आईला हाक मारली, बघ कसा हात हलवतोय. मग ओठ निळे झाले. डोळे एका कोपऱ्यात जाऊन बसले. श्रीरामपूरला नेईपर्यंत रिक्षात आणखी दोन झटके आले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सुई दिली आणि म्हणाल्या, इथं थांबू नका, नगरला न्या.

सॅम भाडं घेऊन बाहेर होता, तो थेट नगरला येणार होता. गाडीत आई, मी आणि बाळ. राहुरीच्या अलीकडे बाळ पांढरं पडलं. आईनं पिशवीतनं बाटली काढली, प्रवासात नेतो तसली साधी पाण्याची. म्हणाली, "एस्तेर, याला नाव देऊ दे. असाच गेला तर?" संकटात कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, हे तुला मी काय सांगू. तिनं ओंजळीत पाणी घेतलं होतं. मी तिच्या हातावर असा फटका मारला की पाणी सांडलं, बाटली गाडीत घरंगळत गेली. "पाणी नको आता! पाणी नको!" म्हणून मी किंचाळले. तोवर कुणीही पाण्याचं नाव काढलं नव्हतं.

आई मग नगर येईपर्यंत ओल्या हातानं जपमाळ ओढत राहिली.

इथल्या डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, वरचं काय देता? मी म्हटलं, काही नाही. घुटी? नाही. साखरपाणी? नाही. पाणी? नाही. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा सॅमही पोचला होता. डॉक्टर परत आले. म्हणाले, "रक्तातलं मीठ एवढं खाली गेलंय की हे वरून पाणी पोटात गेल्याशिवाय सहसा होत नाही. एवढ्याशा जिवाच्या मूत्रपिंडाला ते बाहेर टाकता येत नाही. पोट पाण्यानं भरतं, दूध जात नाही, मीठ उतरतं आणि मेंदूला सूज येते. मी रागवायला विचारत नाहीये. दिलं असेल तर सांगा, म्हणजे मी दुसरे आजार शोधत बसणार नाही."

सॅम माझ्याकडे बघत होता.

आई म्हणाली, "पवित्र पानी मी पाजलं, साहेब. मीच. पोरीला ठावं न्हाई."

डॉक्टरांनी विचारलं, किती? आई म्हणाली, "बोंडलंभर. दिसातनं लई येळा. पोरगी निजलेली आसायची." डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि आत गेले. त्यांनी खरंच काही सुनावलं नाही. सुनावलं सॅमनं. जिन्याजवळ, सगळ्यांदेखत. त्याच्या तोंडून मी कधी असं ऐकलं नव्हतं. "ओ बनुबाई," म्हणाला. जावयानं सासूला नावानं, स्नेहू. "ओ बनुबाई, तुमच्या देवभोळेपणापायी माझं पोर गेलं असतं. चालत्या व्हा इथनं. परत त्याच्या अंगाला हात लावलात तर बघा मग."

आईनं पिशवीतला माझा डबा काढून बाकावर ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि जिना उतरून गेली. एसटीनं बेलापूरला एकटी गेली असणार. पैसे होते की नव्हते देव जाणे. मी तिथंच उभी होते, कठड्याला धरून.

पुढचं काही कळत नाही. डॉक्टर म्हणतात, मीठ सावकाश वर आणावं लागतं, घाई करून चालत नाही. झटके थांबलेत. इथले एक फादर येऊन पेटीपाशीच बाप्तिस्मा देऊन गेले. कपाळावर थोडं पाणी ओतलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, मला ते बघवलं नाही. शांतवन सॅम्युएल, असं नाव घातलंय. तो आता ख्रिस्ताचा झाला, तेवढं आईला कसं तरी कळव. मला तिला फोन करायची हिंमत नाही.

तुझी ताई,
एस्तेर


राहुरी,
२० जुलै

प्रिय स्नेहू,

तुझं पत्र आलं. चार पानं, आणि मला वाचवेनात. तू जेवणं सोडलंस, वरच्या सिस्टरांकडे घरी जायची परवानगी मागितलीस, आणि लिहितेस, "माझ्याच बाटलीतलं ना, ताई? पाप माझं आहे." फार मोठेपणा घेऊ नकोस. जेव आधी. उपाशी राहून तू तिथं काही दुरुस्त करणार नाहीयेस.

आधी त्याचं सांगते. घरी आणलंय. झटक्यांचं औषध सकाळ-संध्याकाळ चालू आहे. दूध ओढायला परत शिकला, आधी नळीनं, मग चमच्यानं, मग अंगावर. आणि मला दूध आलं, भरपूर आलं. ते आटलंच नव्हतं गं. पोटात जागाच नव्हती त्याच्या. दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, बाळ जेवढं ओढेल तेवढं येतं. मला ते किती सोपं वाटलं ऐकून, आणि किती राग आला स्वतःचा.

वजन वाढतंय. पण मान धरत नाही अजून. शेजारच्या घरचा ओम याच्याहून लहान आहे, टाळी वाजवली की वळून बघतो, हसतो. आमचा खिडकीकडे बघतो. मी त्या बाजूला जाऊन उभी राहते, तर माझ्या पलीकडे बघतो. डॉक्टर म्हणतात, आत्ताच काही सांगता येत नाही, काही मुलं भरून काढतात, काहींचं मागं राहतं, वर्षभर तरी वाट बघावी लागेल. वाट बघायची म्हणजे काय करायचं, ते कुणी सांगत नाही.

आईला या घरात यायला बंदी आहे. सॅमनं स्पष्ट सांगितलंय, तिचं नावही काढायचं नाही. आई रंगुबाईच्या फोनवरून फोन करते, तो बाहेर गेलेला असेल अशा वेळेला. फार बोलत नाही. "दूध ओडतो का?" म्हणते. मी हो म्हणते. "बरं झालं," म्हणते आणि ठेवते. मान धरत नाही हे मी तिला सांगितलेलं नाही.

आता ते लिहिते. तुझ्या लक्षात आलंच असेल, तू लहानपणापासून माझं खोटं पकडायचीस. दुपारी आई बोंडल्यानं पाजते, असं मी तुला मे महिन्यात लिहिलं. दुपारी आई घरी कुठं होती? ती चाळीवर कांदे निवडत होती.

मी पाजलं. रोज दुपारी. आईनं बोट लावलं, फार तर संध्याकाळी दोन चमचे दिले. तिचं सगळं ओठांपुरतं होतं. बोंडलं मी काढलं फडताळातनं. एकदा भरून दिलं की तो पडून राहायचा. रडायला लागला की परत. आणि मी झोपायचे, स्नेहू. तुला वाटेल माझी श्रद्धा होती, पवित्र पाणी म्हणून दिलं. नाही. ते पवित्र आहे म्हणजे ते पाणी नाही, असं मी मनाला सांगायचे, कारण मला झोप हवी होती. तो गप व्हायला हवा होता. दूध पुरत नाही, दूध पुरत नाही, हे रोज ऐकून मला त्याला छातीशी घ्यायचीसुद्धा भीती वाटायला लागली होती. बोंडल्यात कसं, दिसतं तरी, एवढं पोटात गेलं म्हणून. पावडरचा डबा उघडला असता तरी पोरावर ही पाळी आली नसती, पण तिथं माझा मान आडवा आला.

आणि आईला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी दोनच चमचे घेऊन तिनं भरून ठेवलेली बाटली दुसऱ्या संध्याकाळी रिकामी व्हायला आलेली असायची. ती बघायची, माझ्याकडे बघायची आणि वरून पाणी घालून ठेवायची. मी झोपलेली असले तर पांघरूण घालायची. तिला वाटायचं, लेकीला विश्रांती मिळतेय, लेकरूही शांत आहे, चाललंय ते देवाच्या दयेनं चाललंय. दवाखान्यात तिनं क्षणभरही विचार केला नाही. "मीच" म्हणाली. बोंडलंभर म्हणाली. म्हणजे डॉक्टरांना आकडा खरा मिळाला आणि माणूस तेवढं खोटं.

मी सॅमच्या घरात, सॅमच्या भाकरीवर, त्याच्या शेजारी झोपून, हे असं पोटात घेऊन राहिले. तो बाळाला मांडीवर घेऊन आईला शिव्या घालायचा आणि मी हूं म्हणायचे. एकदा तर मीच म्हणाले, जुनी माणसं, त्यांना कुठं कळतं. हे मी म्हणाले, स्नेहू. मी, डीएड झालेली.

परवा सांगितलं त्याला. तो टेम्पो धुवून आला होता, हात पुसत होता. मी एका दमात सगळं बोलले. मला वाटलं होतं मारेल, निदान ओरडेल. तो पाटावर बसला. म्हणाला, "मी तुझ्या आईला सगळ्यांसमोर नावानं हाक मारून हाकललं. आणि तू तिथं उभी राहून ऐकलंस?"

पाण्याबद्दल एक अक्षर नाही. एवढंच. त्यानंतर आज मघापर्यंत तो माझ्याशी बोलला नव्हता. बाळाला घेतो, फिरवतो, औषध पाजतो. मी समोर आले की बाहेर जातो.

काल आईला फोन करून सांगितलं, की सॅमला सगळं कळलंय. मला वाटलं, तिला हलकं वाटेल. ती भडकली. "कुनी सांगायला लावलं तुला? मी आता म्हातारी झाले, मला काय कुनी बी बोललं तर. तुला त्याच्यासंगं जलम काडायचाय." आणि मग रडायला लागली. हे झाल्यापासून पहिल्यांदा रडली, आणि ते माझ्या संसारासाठी.

तू पाप माझं म्हणतेस, आई पाप माझं म्हणते. मी तुमच्यासारखी चांगली नाही, म्हणून मला हे स्पष्ट दिसतं. त्याला आपण तिघींनी पाजलं, स्नेहू. तू पाठवलं, आईनं वाढवलं, मी पाजलं. तिघींनी मायेनं केलं असंही तू म्हणशील. माझं तेवढंही नव्हतं.

उद्या बाळाला घेऊन बेलापूरला जातेय, आईला आणायला. मघाशी सॅमला विचारलं, येतोस का. पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "कुठल्या तोंडानं येऊ?" म्हणाला. मी म्हटलं, मी जातेय तर माझं तोंड कुठलं आहे?

आई येईल असं मला वाटत नाही. आली तर तिच्या मांडीवर त्याला द्यायचं, आणि ती त्याची मान सावरायला हात पुढं करेल तेव्हा मला तिला सांगावं लागेल, की हात काढू नकोस, आई, तो मान धरत नाही.

ताई म्हणून सही करायला आज जड जातंय.

एस्तेर